तांबेरा यायच्या आधी



गळीत हंगाम आटोपला की आमच्या शेतकी खात्याकडे एक प्रश्न दरवर्षी येतो. टनामागे ऊस विकासासाठी जी कपात होते, तिचा आम्हाला उपयोग काय? परवाच्या गटसभेत एक वडीलधारे सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही बेणं बदला म्हणता. बदलायचा खर्च माझा, आणि फसलं तर नुकसानही माझंच. तुमचा पगार काय थांबतोय?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी जाताना ते बोलणे मनातून जाईना. त्याला उत्तर द्यायचे म्हणून हा लेख. उत्तर मात्र उसाच्या फडात नसून कॉफीच्या मळ्यात आहे, तेव्हा थोडा धीर धरावा ही विनंती.

अरेबिका कॉफीचे मूळ घर म्हणजे इथिओपियातील डोंगरातले जंगल. तेथून ती येमेनला गेली, आणि येमेनहून बाबा बुडन यांनी सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी कथा आपल्या शेजारच्या कर्नाटकात सांगतात. कथा खरी असो वा नसो, मुद्दा असा की थोड्याशा बियाण्यावरून अरेबिका जगभर पसरली. त्यात हे झाड स्वतःच्याच परागाने फळ धरणारे. त्यामुळे जगातले बहुतेक अरेबिका मळे म्हणजे एकाच घरातली भावंडे. एकाला जो रोग लागतो तो सगळ्यांना लागतो.

हा रोग म्हणजे तांबेरा. पानाखाली नारिंगी भुकटी धरते, पाने गळतात, झाड उघडे पडते. १८६९ साली सिलोनच्या मळ्यांत त्याची नोंद झाली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथली कॉफी संपल्यात जमा झाली. ज्या बेटाचा चहा आज जग पिते, तिथे आधी कॉफी होती हे किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या देशात १९२५ साली चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे कॉफीचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याआधी केंट नावाच्या मळेवाल्याने आपल्या मळ्यातून एक टिकाऊ झाड निवडले होते. ते काही वर्षे रोगापुढे टिकले, मग तेही पडले. असे का झाले, तर तांबेऱ्याची जात एक नाही, अनेक आहेत, हे बाळेहोन्नूरच्या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले. पुढे तिथेच तयार झालेला एस ७९५ हा वाण अजूनही कर्नाटकातल्या डोंगरात उभा आहे. रोगही आपले बेणे बदलतो, हा या साऱ्याचा अर्थ. मग आपण आपले का बदलू नये?

आता कोलंबियाकडे येऊ. दक्षिण अमेरिकेतला हा देश. इथली कॉफी उभ्या उतारावर असते. सगळी फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून पिकलेले लाल फळ तेवढे हाताने वेचायचे आणि हिरवे ठेवायचे. कॉफी पिकवणारी पाच लाखांवर कुटुंबे आहेत आणि सरासरी काढली तर कुटुंबामागे चार एकरांच्या आतच कॉफी भरते. म्हणजे आपल्यासारखेच अल्पभूधारक. या लोकांनी १९२७ साली आपला महासंघ काढला आणि १९३८ साली चिंचिना गावी स्वतःचे संशोधन केंद्र उभारले. पैसा कुठला? निर्यात होणाऱ्या कॉफीवर पौंडामागे ठराविक कपात. महासंघाची कामे याच पैशातून चालतात. कपातीवर कुरकूर तिथेही आहे.

१९७० साली तांबेरा ब्राझीलमध्ये पोचला. कोलंबियात तो अजून आला नव्हता, पण चिंचिनाच्या मंडळींनी वाट पाहिली नाही. तिमोर बेटावर अरेबिका आणि रोबस्टा यांचा निसर्गतः झालेला एक संकर सापडला होता, त्याला तांबेरा लागत नसे. त्याचा आपल्या बुटक्या कातुर्रा वाणाशी त्यांनी संकर केला, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'कोलंबिया' नावाचा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. तांबेरा त्या देशात आला १९८३ साली. रोग दारात उभा राहिला तेव्हा औषध घरात तयार होते! त्यातही एक शहाणपण केले. एकाच झाडाची संतती न वाटता, अनेक निवडींचे बियाणे मिसळून दिले. रोगाने एकाला गाठले तरी सगळे पडू नयेत म्हणून.

इथवर वाचून कोणी म्हणेल, संपली गोष्ट. छे, खरी गोष्ट पुढेच आहे. वाण तयार असूनही असंख्य शेतकऱ्यांनी जुना कातुर्राच ठेवला. आपल्या खात्यातले लोक अशा वेळी चटकन म्हणतात, "शेतकरी ऐकत नाही." पण त्यांचा हिशेब पाहा. झाडे उपटून नवीन लावली की पहिले पीक यायला दीड-दोन वर्षे. तोवर घर कशावर चालायचे? त्यात नव्या वाणाला चव नाही अशी व्यापाऱ्यांत बोलवा. आणि १९८९ साली कॉफीचा आंतरराष्ट्रीय कोटा करार मोडला, भाव कोसळले. खिशात पैसा नसताना मळा कोण उपटील?

मग २००८ पासून लागोपाठ पावसाळी वर्षे आली. खते महाग झाली होती, झाडे उपाशी होती, आणि तांबेऱ्याने डाव साधला. २००७ साली देशाचे उत्पादन साठ किलोच्या सव्वा कोटी पोत्यांवर होते. २००९ साली ते ७८ लाखांवर आले. २०१२ सालीही ते ७७ लाखच होते. वाण घरात असताना हे घडले, हे ध्यानात घ्यावे.

त्यानंतर काय केले? पुनर्लागवडीसाठी सवलतीची कर्जे दिली, २००५ साली आलेला 'कास्तियो' हा नवा वाण बांधावर नेला, आणि मळे टप्प्याटप्प्याने बदलले. २०१५ पर्यंत उत्पादन एक कोटी चाळीस लाख पोत्यांच्या वर गेले. पण २०१३ साली हेच शेतकरी भावासाठी रस्त्यावर उतरले आणि आपल्याच महासंघाला जाब विचारू लागले, हेही सांगितले पाहिजे. वाणाने रोग थांबतो, पडलेला भाव थांबत नाही. शिवाय रोगप्रतिकार हा कायमचा पट्टा नव्हे. होंडुरासमधला लेंपिरा वाण टिकाऊ म्हणून लावला होता, २०१७ च्या सुमारास त्यालाही तांबेरा लागला.

आता त्या वडीलधाऱ्या सभासदांना आमचे उत्तर. दादा, तुमचे म्हणणे बरोबर आहे. बेणे बदलण्याचा सगळा धोका एकट्या शेतकऱ्यावर टाकून आम्ही नुसती पत्रके वाटली, तर ती आमची चूक. पण म्हणून कपातच नको म्हणणे हे त्याहून मोठे नुकसान. रोग आल्यावर संशोधन सुरू केले तर वाण हाती यायला दहा-बारा वर्षे लागतात. तेवढ्यात फडच राहायचा नाही.

उत्तर प्रदेशात को ०२३८ या एकाच वाणाने बहुतेक रान व्यापले आणि पुढे लाल कूज आली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांचे काय झाले, ते आपण ऐकले आहे. आपल्याकडेही को ८६०३२ वर फार भार आहे. चौथा-पाचवा खोडवा ठेवणारे आणि शेजाऱ्याच्या फडातून बेणे उचलणारे कमी नाहीत. तेव्हा आमच्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. एक, कारखान्याने मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित असा त्रिस्तरीय बेणेमळा नेमाने चालवावा आणि बेणे उधारीवर द्यावे, वसुली ऊसबिलातून. दोन, सभासदाने सगळे रान एकदम न बदलता दरसाल तिसरा हिस्सा बदलावा, आणि तेही एकाच वाणाने नको. तीन, विकासनिधीच्या पै-पैचा हिशेब वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावा. हिशेब मागणे हा सभासदाचा हक्क आहे, आणि तो मागितल्याचा आम्हाला राग येणार नाही.

येत्या सभेत कपातीचा विषय निघेल तेव्हा जरूर बोला, भांडासुद्धा. फक्त एवढे लक्षात असू द्या. कोलंबियाच्या शेतकऱ्याने पैसे भरून वाण तयार करून घेतला होता. लावायला मात्र पंचवीस वर्षे उशीर केला. आपल्या गटात बेणेनोंदणी सुरू झाली आहे. चिटबॉयकडे नाव द्या, किंवा आम्हाला बांधावर बोलवा. आम्ही येऊ, आणि या वेळी आधी तुमचा हिशेब ऐकू.

ऊस विकास अधिकारी