डग्गा कुठं गेला?

अक्काचं सासर बऱ्हाणपूरचं. रेल्वेनं भुसावळ, रावेर मागं पडलं की तापीकाठचं हे गाव येतं. मुमताजमहल १६३१ साली इथंच वारली, हे पाहुण्याला पहिल्या दिवशीच सांगितलं जातं. मला मात्र हे गाव रात्रीच्या पॉवरलूममुळं आठवतं. बंद खोलीत त्यांची खटखट फारशी येत नाही, धप्‌ धप्‌ तेवढी येते. बारीक आवाज भिंत अडवते, खालच्या आवाजापुढं ती हात टेकते. गेल्या दिवाळीत आठ दिवस राहिले, तर घरातला वादही या खालच्या आवाजावरूनच चाललेला!

दाजींना गाणं ऐकायचा नाद. त्यांनी मुंबईहून वापरलेले इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणले होते. उंच, चपटे, कपाटाच्या दारासारखे. आपल्या नेहमीच्या स्पीकरसारखा कागदी कोन त्यांत नसतो. दोन जाळीदार पत्र्यांच्या मधोमध प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्याला काही हजार व्होल्टचा दाब दिलेला असतो. पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीनं १९५७ साली इंग्लंडात असे स्पीकर बाजारात आणले. पडदा इतका हलका की सूर उमटायला वेळ नाही, थांबायलाही नाही. मी मराठी शिकवणारी बाई, यातलं मला काय कळणार? पण दाजींनी कुमार गंधर्व लावले आणि मी गप्प झाले. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले, पुढं देवासचेच झालेले कुमारजी समोर बसून श्वास घेत होते. तानपुऱ्याची जवारी तर हातानं वेचून घ्यावी अशी.

तात्या, म्हणजे अक्काचे सासरे, मात्र पाच मिनिटांत उठून गेले. जन्मभर भजनी मंडळात तबला वाजवलेला माणूस. जाताना म्हणाले, “गवई आला, तबलजी वाटेतच राहिला.”

त्यांचं खरं होतं. वय झालं की कानातून आधी वरचे सूर जातात, खालचे राहतात. तात्यांच्या वाट्याला उरला होता तो डग्गा, आणि नेमका तोच या स्पीकरला जमत नाही. पडदा पुढं आवाज टाकतो तसा मागंही टाकतो, पण उलटा. खालचे सूर कडेनं वळून एकमेकांना गिळतात.

म्हणून सबवूफर आला. दाजींनी तो कोपऱ्यात ठेवून बटण पिळलं, तशी फडताळातली भांडी वाजू लागली. अक्का रागावली की कानडीवर येते. “साकु, साकु!” तात्या म्हणाले, “हा डग्गा नव्हे, वरातीतला डीजे.”

मग तीन दिवस खटाटोप. अडचण अशी की काळी एकच्या गवयाचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि पडदा नि सबवूफर यांची हद्द तिथंच कुठंतरी आखावी लागते. घिस्सा मारला की डग्ग्याचा सूर खालून वर सरकतो. म्हणजे एकच बोल एका खोक्यात सुरू होणार आणि दुसऱ्यात संपणार! हद्द शंभरावर नेली तर कुमारजींचा गळा जाड होई, पन्नासावर आणली तर मध्ये खड्डा. ७० हर्ट्झची लाट जवळपास पाच मीटर लांब. दोन्हींचे आवाज अर्ध्या लाटेनं मागंपुढं पोचले की ऐन डग्ग्यावर एकमेकांना खातात.

शेवटी दाजींनी सबवूफर तात्यांच्या खुर्चीवर ठेवला आणि स्वतः खोलीभर रांगत, कान लावत फिरले. जिथं डग्गा सरळ ऐकू आला ती दिवाणाशेजारची जागा पक्की झाली. मग आवाज कमी कमी करत नेला. चालू आहे हे कळू नये, बंद केला तर मात्र चुकल्यासारखं व्हावं, इतका.

खुर्चीवर पुन्हा तात्या बसले. मांडीवर बोटं सुरू झाली आणि थांबली. “इथं घिस्सा तुटतो.” दाजींनी बटण केसभर फिरवलं. “अजून तुटतोय. पण तबलजी आला.”

मी निघाले त्या सकाळीही हेच चाललं होतं. अक्कानं चहासाठी दोनदा हाक मारली. तात्या उठले नाहीत.