थोटकांची मेणबत्ती

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातील कित्येक घरे अनेक दिवस विजेविना होती. म्हणून भगिनींनो, मेणबत्त्यांची थोटके फेकू नका. पावसाळ्याआधी त्यांच्याच नव्या मेणबत्त्या करा.

जळक्या वाती काढून थोटके डब्यात घाला. डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा, थेट आचेवर कधीच नाही. वर्गात मुलींना मी कारणही सांगते: मेण साधारण ६० अंशांना वितळते, पाणी १०० अंशांपुढे तापत नाही, त्यामुळे मेण पेटण्याचा धोका कमी होतो.

सुती दोऱ्याची तिपेडी वेणी मेणात बुडवून वाळवा. ती तेल लावलेल्या कागदी कपात मधोमध धरून मेण ओता. थिजताना मेण आकसून खड्डा पडतो. तो पुन्हा भरा. मेण पेटलेच, तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून झाकण ठेवा.