फुले द्यावीत, पण केव्हा?

आमच्या कंपनीत दिवाळी आली की पुष्पगुच्छांची रांग लागते. कोणी माल पुरवणारा, कोणी कंत्राटदार. साहेबांचे टेबल भरते, खिडकी भरते आणि दोन दिवसांत सगळे गुच्छ चिठ्ठ्यांसकट कचऱ्याच्या डब्यात जातात. कोणता कोणाचा, हे साहेबांनाही ठाऊक नसते. तो ढीग उचलते ती आमच्याच वस्तीतली सफाईवाली ताई.

वस्तीतला एक होतकरू तरुण छपाईची कामे घेतो. त्यानेही उसनवारी करून आठशे रुपयांचा गुच्छ दिला. बिल अडकले ते अडकलेच. आम्ही त्याला म्हटले, "बाबा, बिलाआधी दिलेले फूल मागणीसारखे दिसते. कामानंतर दिलेले फूल आभाराचे असते."

पुढल्या वर्षी त्याने माल वेळेवर पोचवला. मग दादरच्या फूलबाजारातून डझनभर गुलाब आणून, निवृत्त होणाऱ्या भांडार कारकुनाला स्वतःच्या हाताने दिले. सोबत दोन ओळींची चिठ्ठी. त्या कारकुनाने जाताना नव्या माणसाला याचे नाव सांगून ठेवले.

धंदा करणाऱ्या आमच्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे. दिवाळीत आणि १४ फेब्रुवारीच्या सुमारास, मावळातला गुलाब परदेशी जातो तेव्हा, भाव चढतात. ते दिवस टाळावेत. पावती घेऊन खर्च वहीत लिहावा. सरकारी कचेरीत भेट नेऊच नये. राज्य कर्मचाऱ्यांवर १९७९ च्या वर्तणूक नियमांचे बंधन आहे.

आणि फुले नेलीतच, तर त्यातले एक त्या ताईलाही द्यावे.