कुटुंबवैद्य कोणाच्या बाजूचा?

१९ मे हा दिवस २०१० पासून जगभर 'फॅमिली डॉक्टर दिन' म्हणून पाळला जातो. त्या सुमारास, आणि एरवीही, वैद्यक व्यावसायिकांच्या संघटनांच्या बातम्या जिल्ह्याच्या पानावर नियमाने येत असतात. नूतन कार्यकारिणीचा पदग्रहण समारंभ, ज्येष्ठ सदस्यांचा सत्कार, मधुमेहावरील व्याख्यान, मोफत तपासणी शिबिर, क्रिकेटचे सामने आणि प्रसंगी निषेधाचा मोर्चा, असे या बातम्यांचे ठरलेले स्वरूप असते. सर्वसाधारण वाचक त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो. डॉक्टरांच्या घरचे कार्य, आपल्याला त्याचे काय, अशी त्याची भावना असते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही उदासीनता योग्य नाही. ज्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार आहे आणि जेथील सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहतात, त्या हिंगोलीत आजारी माणसाची पहिली गाठ पडते ती तालुक्याच्या वा बाजाराच्या गावातील साध्या दवाखान्याशी. त्या दवाखान्यातला डॉक्टर कोणाच्या बाजूचा आहे, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी त्याची संघटना काय करते यावर अवलंबून आहे.

हा 'बाजू'चा प्रश्न मुळात अर्थशास्त्राचा आहे. वसमतचा शेतकरी हळद घेऊन मोंढ्यात जातो, तेव्हा मालाची प्रत त्याला कळते, आदल्या दिवशीचा भाव त्याला ठाऊक असतो आणि सौदा पटला नाही तर माल परत नेण्याची, निदान थोपवून धरण्याची, मुभा त्याला असते. मध्यस्थाचा वाटा किती, हेही हिशेबपट्टीवर लिहिलेले असते. तोच शेतकरी छातीत दुखू लागले म्हणून दवाखान्यात जातो, तेव्हा यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हाती उरत नाही. आपल्याला काय हवे आहे, हे त्याला विक्रेत्याकडूनच कळते. ते खरोखर हवे होते काय, हे उपचारानंतरही निश्चित कळत नाही. आणि भाव पटला नाही म्हणून दुखणे परत नेता येत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या एका सुप्रसिद्ध निबंधात हेच दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही. कारण तेथे अनिश्चितता मोठी असते आणि माहिती एकाच पक्षाकडे असते. अशा बाजारात किमतीचे काम विश्वासाला करावे लागते.

या विषम सौद्यात ग्राहकाच्या बाजूने उभा राहू शकेल असा एकच जाणकार असतो, तो म्हणजे कुटुंबवैद्य. कोणती तपासणी आवश्यक आहे, कोणती टाळता येईल, मोठ्या रुग्णालयात आजच जावे की चार दिवस वाट पाहावी, हे तो सांगतो. घरातील आजीचा रक्तदाब आणि नातवाचा दमा दोन्ही त्याला माहीत असतात. या परिचयाचे मोल केवळ भावनिक नाही. नॉर्वेने २००१ साली प्रत्येक नागरिकाला त्याचा ठरलेला डॉक्टर मिळवून देणारी योजना सुरू केली. तेथील २०२१ च्या एका विस्तृत अभ्यासात असे आढळले की, एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या लोकांत तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, वर्षभराचाच परिचय असलेल्यांच्या तुलनेने, २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी होते. नॉर्वे आणि हिंगोली यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे खरे. तथापि ओळखीचा डॉक्टर आजार लवकर ओळखतो, हे समजण्यास नॉर्वेला जाण्याचीही गरज नाही.

परंतु हाच कुटुंबवैद्य जेव्हा रुग्ण पाठविल्याबद्दल रुग्णालयाकडून किंवा तपासणी केंद्राकडून वाटा घेतो, तेव्हा तो ग्राहकाची बाजू सोडून विक्रेत्याच्या बाजूला जाऊन बसतो. 'कट प्रॅक्टिस' या नावाने ही रीत सर्वांना परिचित आहे. मोंढ्यातील मध्यस्थी आणि ही मध्यस्थी यांत फरक एवढाच की, हिचा आकडा कोणत्याही पट्टीवर लिहिलेला नसतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने अशा वाट्यास स्पष्ट मनाई केली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून स्वतंत्र कायद्याचा मसुदाही करून घेतला होता. त्या मसुद्याचा पुढे कायदा झाला नाही. सर्वच डॉक्टर असे करतात असे म्हणणे घोर अन्यायाचे ठरेल. तथापि जो करीत नाही, त्याला ओळखण्याचे कोणतेही साधन रुग्णापाशी नाही, ही खरी अडचण आहे.

या रोगाचे निदान केवळ नीतीच्या भाषेत करून भागणार नाही. आपल्या समाजाने सल्ल्याला किंमतच ठेवलेली नाही. डॉक्टरने वीस मिनिटे विचारपूस करून 'औषधाची गरज नाही, विश्रांती घ्या' असे सांगितले, तर पैसे देताना आपला हात आखडतो. सुई टोचली किंवा सलाईन लावले, की तोच हात मोकळा होतो. सरकारी योजनांनीही हाच कित्ता गिरविला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाला मिळणारे संरक्षण २०२३ मध्ये दीड लाखांवरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा निर्णय झाला. तो स्वागतार्हच होता. परंतु हे पैसे मिळतात ते मुख्यत्वे रुग्णालयातील खाटेला. ज्या सल्ल्यामुळे खाटेवर पडण्याची वेळच येणार नाही, त्या सल्ल्याला या योजनेत स्थान नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ही घट समाधानकारक असली, तरी खासगी दवाखान्यातील रोजची तपासणी आणि औषधे यांचा भार गरीब कुटुंबाच्या खिशावरच राहिला आहे. ज्या व्यवसायात प्रामाणिक सल्ल्याचे दाम मिळत नाही, त्या व्यवसायात अप्रामाणिक मार्गाने दाम मिळविण्याचा मोह वाढतो, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे.

याची किंमत कोण मोजतो? ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. दूरदूरच्या गावांतून अनेक रुग्ण अत्यवस्थ स्थितीत आणले गेले होते, असे त्या वेळी रुग्णालयाकडून सांगण्यात आले. औषधांचा आणि मनुष्यबळाचा प्रश्न आपल्या जागी आहेच, आणि त्याची जबाबदारी शासनाला टाळता येणार नाही. परंतु रुग्ण शेवटच्या घटकेला मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचतो, याचा अर्थ आधीची पायरी कोठेतरी निसटलेली असते. २०२४ मध्ये हिंगोलीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेथून बाहेर पडणारे विद्यार्थी सेनगाव किंवा औंढ्याला दवाखाना थाटतील, असे गृहीत धरता येत नाही. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात आयुष्य वेचणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्येच लिहून ठेवले की, वैद्यकीय सेवेची गरज जेथे अधिक, तेथे ती सेवा कमी मिळते आणि बाजाराचे राज्य जितके मोकळे, तितका हा नियम कडक होतो.

या पार्श्वभूमीवर राज्यातील वैद्यक संघटनांची शक्ती कोठे खर्च होत आहे? औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी पदवीधरांना आधुनिक औषधे देण्याची मुभा २०१४ च्या कायदादुरुस्तीने दिली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला आणि १८ सप्टेंबरला राज्यात एक दिवसाचा संपही झाला. शिक्षणाच्या दर्जाबद्दलची चिंता निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु दोन्ही बाजूंचा सारा युक्तिवाद 'अधिकार कोणाचा' या प्रश्नाभोवती फिरत राहिला. रात्री दोन वाजता लेकराला झटके येऊ लागले, तर दार कोण उघडणार आणि त्याला नेमके काय येत असले पाहिजे, हा खेड्यातील आईचा प्रश्न मात्र कोणत्याच निवेदनात ठळकपणे आला नाही.

संघटना सभासदांच्या हितासाठी असते, समाजसुधारणेसाठी नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याला इतिहासच उत्तर देतो. अमेरिकेत १९४७ साली सामान्य डॉक्टरांची अकादमी स्थापन झाली, तेव्हा तिने सभासदत्व टिकविण्यासाठी दर तीन वर्षांत दीडशे तासांच्या पुनःशिक्षणाची अट स्वतःहून घातली. ब्रिटनमध्ये सामान्य दवाखान्यांची दुरवस्था उघड करणारा अहवाल १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९५२ मध्ये तेथील डॉक्टरांनी स्वतःच्या व्यवसायाचा दर्जा उंचावण्यासाठी महाविद्यालय स्थापन केले. आपल्याकडेही इंडियन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये अशाच हेतूने सामान्य डॉक्टरांसाठी स्वतंत्र शाखा काढली. ज्यांनी स्वतःवर बंधने घालून घेतली, त्यांचीच पत वाढली, हा या इतिहासाचा धडा आहे.

तेव्हा संघटनांकडून तीन अपेक्षा बाळगणे गैर होणार नाही. पहिली, कोणाकडूनही वाटा घेत नाही आणि देत नाही, असे लेखी जाहीर करणाऱ्या सभासदांची यादी प्रसिद्ध करावी आणि वचन मोडणाऱ्याचे नाव तीतून काढावे. दुसरी, व्याख्याने केवळ नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे तास भरण्यापुरती न ठेवता सर्पदंश, विषबाधा, बाळंतपणातील रक्तस्राव अशा आपल्या भागातील प्रसंगांवर व्हावीत, पदवीचा भेद न करता प्रत्यक्ष दवाखाना चालविणाऱ्या सर्वांना ती खुली असावीत आणि त्यांचा खर्च औषध कंपन्यांवर टाकू नये. तिसरी, नोंदविलेल्या प्रत्येक कुटुंबामागे डॉक्टरला ठरावीक वार्षिक मोबदला मिळावा, या मागणीसाठी शासनाकडे आग्रह धरावा. ब्रिटनमध्ये १९४८ पासून माणशी मोबदल्याचे तत्त्व चालत आले आहे. शासनाचा पैसा खाटेला मिळतो, तसा सल्ल्यालाही मिळाला पाहिजे.

आणि आपण? शिक्षक, कारकून, विद्यार्थी या वर्गाने आपल्या डॉक्टरला सल्ल्याचे मोल द्यावयास शिकले पाहिजे आणि त्याबरोबर 'ही तपासणी कशासाठी' असे विचारण्याचे धैर्यही दाखविले पाहिजे. पुढच्या वेळी संघटनेच्या पदग्रहणाची बातमी छापून येईल, तेव्हा व्यासपीठावर कोण कोण होते यापेक्षा तेथे कोणता ठराव झाला, हे आपण शोधावे. असे वाचक वाढले, की तसे ठराव करण्याची गरज संघटनांनाही वाटू लागेल.