बोंडअळीचा धडा

बारावीनंतर मुलांनी उत्क्रांतीचा अभ्यास करायचा म्हटले, की आपल्या घरांत दोन प्रश्न उठतात: ईमानाचे काय आणि रोजीचे काय?

आमच्या केजच्या शेतकऱ्याला बोंडअळी नवी नाही. भारतात 2002 मध्ये बीटी कापूस आला. त्यातील विषाने बहुतेक अळ्या मेल्या. ते सोसणाऱ्या मोजक्या वाचल्या आणि त्यांचीच पैदास वाढली. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कापूस पोखरला. हीच उत्क्रांती.

ती समजायला विषाचे रसायनशास्त्र हवे, आनुवंशिकतेचे गणित हवे. बाजूने साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा सल्ला अनेकांनी का पाळला नाही, हे कळायला अर्थशास्त्रही हवे. म्हणूनच पुण्याच्या 'आयसर'सारख्या संस्थेत पदवीच्या सुरुवातीला विज्ञानाच्या सर्व शाखा शिकवतात. तिथल्या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित यांचे सारखेच प्रश्न असतात. तेव्हा दहावीनंतर मुलीला गणित सोडायला लावू नका. कीड, पिकांचे वाण, औषधांना दाद न देणारे जंतू, या साऱ्या कामांत हे शिक्षण उपयोगी पडते.

आता ईमान. निर्मितीवर विचार करायला कुरआन वारंवार सांगतो. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिझ यांनी प्राण्यांवर 'किताब अल-हयवान' लिहिली. माणसाच्या उत्पत्तीबाबत मतभेद आहेत. ते मुलांनी नीट शिकून, आलिमांना विचारून समजून घ्यावेत. न शिकताच नाकारणे म्हणजे इल्म नव्हे.