मेंदूचा पाटकरी

भैंसा येथील गड्डेन्ना वागू प्रकल्प त्या भागातील मराठी मंडळींच्या परिचयाचा आहे. कोणत्याही धरणाच्या पाटावर पाणी वाढले की दार थोडे खाली घ्यावे, उतरले की वर उचलावे, म्हणजे शेताला सारखे पाणी मिळते. हे काम पाटकऱ्याचे. आपल्या मस्तकातही असाच एक पाटकरी अहोरात्र जागा असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे शेकडा दोन. परंतु त्याला दर मिनिटास सुमारे पाऊण लिटर रक्त लागते. हा पुरवठा आठ-दहा सेकंद तुटला तरी शुद्ध हरपते. म्हणूनच मेंदूतील सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंतींत स्नायूंचे वेढे असतात. रक्ताचा दाब वाढला की ते आवळतात, उतरला की सैल होतात. आणि प्रवाह जवळजवळ सारखा राहतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ नील्स लासेन यांनी १९५९ साली या व्यवस्थेचे चित्र मांडले. सरासरी दाब ६० ते १५० च्या दरम्यान असेतो प्रवाह स्थिर राहतो, असे त्यांनी दाखविले. हा पट्टा त्याहून अरुंद आणि माणसागणिक निराळा असतो, असे आता मानतात.

पण पाटकरी कितीही दक्ष असला तरी दार फिरविण्यास त्याला काही क्षण लागतातच. आपण झटकन उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. तरुणपणी शरीर ते लगेच सावरते. उतारवयात, त्यातून पारा चाळिशीपलीकडे गेलेला, घामाने शरीरातील पाणी आटलेले आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. घरातील वडीलधारे पहाटे अंथरुणातून उठताना पडतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. आणि त्या पडण्यात खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे आयुष्यच परावलंबी होते.

अशा वेळी घरातील कोणी ‘गोळीनेच चक्कर येते’ म्हणून गोळी परस्पर बंद करतात. ही मोठी चूक होय. फार दिवसांच्या रक्तदाबाने मेंदूचा पाटकरी चढ्या दाबाला सरावलेला असतो. दाब एकाएकी उतरविणे त्याला सोसत नाही, म्हणून डॉक्टर तो हळूहळू खाली आणतात. गोळी सोडल्यास मात्र पक्षाघाताचे भय वाढते. चक्कर येत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. मात्रा तेच बदलतील.

उठताना आधी कुशीवर वळावे, मिनिटभर पाय सोडून बसावे, मगच उभे राहावे. कोणी मूर्च्छित झाल्यास त्याला बळेच बसवू नये, तोंडात पाणी ओतू नये. आडवे निजवून पाय किंचित उंच करावेत. मात्र तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले, तर एक क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

पाटकरी आपले काम चोख करतो. त्याला मिनिटभराची उसंत देणे, एवढेच आपल्या हाती आहे.