गप्प न बसलेला सैनिक

गाजलेल्या सिनेमांचे कौतुक सगळेच करतात. आज एका पडलेल्या सिनेमाविषयी. ब्रायन डी पाल्मा यांचा 'कॅज्युअल्टीज ऑफ वॉर' १९८९ साली आला. खर्च सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास. अमेरिकेत गल्ला दोन कोटींचाही झाला नाही.

गोष्ट व्हिएतनाम युद्धातली, १९६६ साली खरोखर घडलेली. पाच अमेरिकन सैनिक गस्तीवर निघतात. सार्जंटच्या हुकमाने एका खेड्यातली तरुण मुलगी घरातून उचलली जाते. चौघे तिच्यावर अत्याचार करतात, शेवटी तिला ठार मारतात. पाचवा, एरिक्सन, नकार देतो. तिला तो वाचवू शकत नाही. पण परतल्यावर तक्रार करतो.

त्याचा लेफ्टनंट रायली कृष्णवर्णीय. रंगामुळे इस्पितळाने त्याच्या अडलेल्या बायकोला दाखल करून घेतले नव्हते. मूल तिथल्या फरशीवर जन्मले आणि संतापलेला बाप तुरुंगात गेला. तोच रायली सांगतो, विसरून जा! अन्याय सोसलेला माणूस न्यायाच्या बाजूने उभा राहतोच असे नाही. कधी तो थकतो, आणि दुसऱ्यालाही गप्प बसायला शिकवतो.

एरिक्सन ऐकत नाही. लष्करी न्यायालयात चौघे दोषी ठरतात. प्रत्यक्षातही ठरले, पुढे शिक्षा मात्र बऱ्याच कमी झाल्या.

मुलगी वाचत नाही, विजयाचा बँड वाजत नाही. असा सिनेमा गल्ला कसा भरणार? लहानांना दाखवू नका. जाणत्या मुला-मुलींसोबत मात्र जरूर पाहा, आणि नंतर घरात बोला: आपल्यातला रायली कोण, एरिक्सन कोण?